कूटशास्त्राच्या प्राध्यापकाने सिद्धतेपाशी थांबावे का?

धागालेखक

संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाची ओळख करून देताना ‘सैद्धांतिक आणि उपयोजित कूटशास्त्र हे त्यांचे संशोधनक्षेत्र आहे’ असे वाक्य अनेकदा लिहिलेले असते आणि आपण ते सहज वाचून पुढे जातो. कूटशास्त्र म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र. वरील वाक्यातल्या ‘आणि’ या शब्दाविषयी मला येथे चर्चा करायची आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात या दोन्हींपैकी एकच बाजू सांभाळली जाते, आणि त्याची किंमत शेवटी ती पद्धत वापरणाऱ्या सामान्य माणसाला मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सैद्धांतिक कूटशास्त्रातील प्रमेयाचे रूप साधारण असे असते : अमुक गणिती प्रश्न कोणत्याही कार्यक्षम अल्गोरिदमला सुटत नसेल, तर आम्ही ज्याची व्याख्या केली आहे असा हल्लेखोर आमच्या पद्धतीवर यशस्वी होणार नाही. या विधानाच्या पूर्वार्धातील गृहीतकाकडे, म्हणजे तो गणिती प्रश्न खरोखर अवघड आहे की नाही याकडे, सर्वांचे लक्ष असते. उत्तरार्धातील ‘ज्याची व्याख्या केली आहे असा हल्लेखोर’ या शब्दांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. हा हल्लेखोर काय पाहू शकतो, काय विचारू शकतो, यंत्र त्याला कोणत्या क्षणी काय उत्तर देते, हे सगळे संशोधक कागदावर ठरवतो, आणि खरे यंत्र त्या कागदाप्रमाणे वागेलच असे नसते.

एसएसएच या प्रोटोकॉलचे उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचे वाटते. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी तो जगभर वापरला जातो. २००२ मध्ये बेल्लारे, कोनो आणि नामप्रेम्प्रे यांनी त्याच्या कूटलेखनाचे काटेकोर विश्लेषण करून थोड्या सुधारित रूपांच्या सुरक्षिततेची सिद्धता दिली. त्या सिद्धतेत असे मानले होते की, संदेश घेणारा संगणक संपूर्ण कूटसंदेश एकदम हाती घेतो, तो उलगडतो आणि मग एकच उत्तर देतो : संदेश ग्राह्य किंवा अग्राह्य. प्रत्यक्षात संदेश तुकड्यातुकड्यांनी येतो. किती बाइट्सची वाट पाहायची हे कळण्यासाठी संगणकाला पहिला ठोकळा आधी उलगडावा लागतो, कारण संदेशाची लांबी त्याच्या पहिल्या ३२ बिटांत लपवलेली असते. २००९ मध्ये आल्ब्रेख्ट, पॅटरसन आणि वॉटसन यांनी नेमक्या याच फटीत बोट घातले. पूर्वी पकडलेला एक कूट ठोकळा नव्या संदेशाचा पहिला ठोकळा म्हणून पाठवायचा, नंतर एकेक बाइट पाठवत राहायचे आणि सर्व्हर किती बाइट्सनंतर चूक दाखवून जोडणी तोडतो ते मोजायचे. ती मोजणी म्हणजेच लांबी, आणि त्या लांबीवरून मूळ संदेशाचे ३२ बिट हाती येतात. अशा एका प्रयत्नाला यश मिळण्याची शक्यता अडीच लाखांत सुमारे एक एवढीच होती, परंतु ज्या पद्धतीला सुरक्षित म्हटले गेले होते तिच्या बाबतीत ही शक्यता क्षुल्लक मानता येत नाही.

२००२ च्या सिद्धतेत गणिताची चूक नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. चूक होती ती यंत्राच्या चित्रात. २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या मानकाबाबत हेच पुन्हा घडले. त्यातील चार टप्प्यांच्या किल्ली-वाटाघाटीची औपचारिक सिद्धता २००५ पासून उपलब्ध होती आणि ती किल्ली गुप्त राहते हे विधान आजही खरे आहे. मात्र तीच किल्ली दुसऱ्यांदा बसवायला लावले तर आतले मोजणीचे आकडे पुन्हा सुरुवातीपासून धावू लागतात आणि संदेश उलगडणे शक्य होते, ही गोष्ट त्या प्रतिमानात, म्हणजे सिद्धतेने गृहीत धरलेल्या यंत्राच्या चित्रात, नव्हतीच. मॅथी व्हानहूफ यांना ही फट दिसली ती प्रत्यक्षातील कोडचा शोध घेताना.

यावरून माझे म्हणणे असे आहे की, जो प्राध्यापक एखाद्या पद्धतीच्या सुरक्षिततेची सिद्धता प्रसिद्ध करतो, त्याने किंवा त्याच्या गटाने ती पद्धत एकदा तरी यंत्रावर उतरवून तिच्यावर हल्ला करून पाहावा, आणि तोवर तिला ‘सुरक्षित’ हे विशेषण लावू नये. हे अशक्य नाही. डॅन बोने यांनी २००१ मध्ये फ्रँकलिन यांच्यासह ओळखाधारित कूटलेखनाची, म्हणजे ईमेलसारख्या ओळखीलाच किल्ली मानणाऱ्या पद्धतीची, पहिली व्यवहार्य रचना दिली, तिची व्याख्या आणि सिद्धताही दिली, आणि हा प्रश्न शमीर यांनी १९८४ मध्ये मांडल्यापासून मोकळा पडला होता. त्याच बोने यांनी २००३ मध्ये ब्रम्ली यांच्यासह ओपनएसएसएल हे कूटलेखनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सर्व्हरच्या उत्तरांना लागणारा वेळ संगणकांच्या जाळ्यावरून मोजून त्याची खाजगी किल्ली काढून दाखवली. एकच माणूस ही दोन्ही कामे करू शकतो, तर हीच अपेक्षा इतरांकडून का ठेवू नये?

समीकरण

आपण दिलेली उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपली अट अमलात आली असती तर या शास्त्राचा पाया घातलाच गेला नसता, असे मी जबाबदारीने म्हणतो.

१९७७ मध्ये आरएसए ही मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असण्यावर बेतलेली कूटलेखनपद्धत तयार झाली तेव्हा ‘सुरक्षित कूटलेखन’ म्हणजे नेमके काय, याची नेटकी व्याख्या कोणापाशीही नव्हती. किल्ली सापडत नाही आणि संपूर्ण संदेश उलगडत नाही, एवढे पुरेसे मानले जाई. आता असे समजा की पाठवायचा संदेश ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच आहे. मूळ आरएसएमध्ये एकाच संदेशाचे कूटरूप नेहमी एकच येते आणि किल्ली तर सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे ऐकणारा दोन्ही शब्द स्वतः कूटबद्ध करून तुलना करू शकतो. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची त्याला गरजच पडत नाही. १९८२ मध्ये गोल्डवासर आणि मिकाली यांनी म्हटले की, कूटरूपावरून संदेशाविषयी एका बिटाइतकीही उपयुक्त माहिती कळता कामा नये, आणि त्यासाठी कूटलेखन यादृच्छिकच, म्हणजे दर वेळी नशिबावर सोडल्यासारखे वेगळे येणारे, असले पाहिजे. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीत संदेशाच्या प्रत्येक बिटासाठी एक प्रचंड संख्या पाठवावी लागे, आणि अशी पद्धत कोणीही वापरली नसती. तरीही आज वापरातील प्रत्येक चांगल्या पद्धतीकडून आपण जी अपेक्षा करतो ती त्याच लेखातून आली. ‘आधी यंत्रावर उतरवा, मगच बोला’ असे त्यांना सांगितले असते, तर यंत्रावर काय उतरवायचे हेच आपल्याला कळले नसते.

दुसरे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्याच मुद्द्याला उलट दिशेने भिडते. हल्लेखोराला आपल्या पसंतीचे कूटसंदेश उलगडून घेण्याची मुभा आहे असे धरूनही उरलेला संदेश गुप्त राहावा, ही कडक व्याख्या नाओर आणि युंग, तसेच रॅकॉफ आणि सायमन यांच्या कामातून १९९० आणि १९९१ या वर्षांत पुढे आली. ती पुस्तकी वाटणे स्वाभाविक होते. हल्लेखोरासाठी संदेश उलगडून देणारा सर्व्हर कोण चालवणार, ही शंका कोणाही व्यवहारी माणसाला आली असती. मग १९९८ मध्ये ब्लायखेनबाखर यांनी दाखवून दिले की असे सर्व्हर सर्वत्र चालू आहेत. एसएसएल हा संकेतस्थळाशी होणारा संवाद गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल वापरणारा सर्व्हर आलेला संदेश उलगडून त्याची बांधणी नियमाप्रमाणे नसेल तर तसे कळवत असे, आणि ‘बांधणी बरोबर’ किंवा ‘बांधणी चूक’ एवढेच उत्तर सुमारे दहा लाख वेळा मिळवले की एका जोडणीचे गुपित हाती येत असे. म्हणजे येथे व्यवहार सिद्धांताच्या मागे होता. त्याच वर्षी क्रेमर आणि शूप यांनी ती कडक व्याख्या पूर्ण करणारी कार्यक्षम पद्धतही दिली. व्यवहाराने ऐकले नाही म्हणून २०१७ मध्येही जुन्या हल्ल्याचेच रूप काही मोठ्या संकेतस्थळांवर चालताना आढळले. या प्रकरणात यंत्राचे चित्र सिद्धांतवाल्यांनी बरोबर काढले होते आणि यंत्र बांधणाऱ्यांनी ते पाहिले नव्हते, हे आपण मान्य कराल अशी आशा आहे.

काळाचाही विचार व्हावा. कूटरूपातील माहितीवर ती न उलगडताच हवे ते गणित करता येईल का, हा प्रश्न रिव्हेस्ट, एडलमन आणि डेर्टूझोस यांनी १९७८ मध्ये विचारला आणि त्याचे पहिले पटणारे उत्तर क्रेग जेन्ट्री यांनी २००९ मध्ये दिले. २०११ मध्ये ती पद्धत यंत्रावर उतरवली गेली तेव्हा सर्वांत मोठ्या मापाला सार्वजनिक किल्ली सव्वादोन गिगाबाइटहून मोठी होती आणि गणित करताना कूटरूपात साचलेला गोंगाट काढून टाकण्याच्या एका पायरीला अर्धा तास लागत होता. पुढे पाच वर्षांत दुसऱ्या एका रचनेत तीच पायरी एका सेकंदाच्या दशांशाहून कमी वेळात होऊ लागली. ती ज्या गटाने जलद केली तो वेगळा होता, आणि तसे होण्यात मला काहीही वावगे दिसत नाही.

तटबंदी

मी अनेक वर्षे सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेचे काम करतो आणि दोघांचेही म्हणणे वाचून मला वाटते की प्रत्यक्ष पडझड होते ती जागा आपण दोघांनीही दूर ठेवली आहे.

मला आठवणाऱ्या मोठ्या दुर्घटनांत ना व्याख्या चुकली होती, ना गृहीतक. २००६ मध्ये डेबियन या प्रणालीत ओपनएसएसएलच्या कोडमधील दोन ओळी काढल्या गेल्या, कारण तपासणी करणारे एक साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होते. त्यामुळे यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोत बंद झाला आणि उरला तो प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या साधारण ३२ हजारच वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. हे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. २०१२ मध्ये हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांच्या जोड्यांचा महत्तम साधारण विभाजक काढला आणि टीएलएस (एसएसएलचाच पुढचा अवतार) वापरणाऱ्या सुमारे अर्धा टक्का यंत्रांच्या खाजगी किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. छोटी उपकरणे सुरू होताच, पुरेशी यादृच्छिकता जमण्यापूर्वीच, किल्ली बनवत होती. त्यामुळे दोन वेगवेगळ्या उपकरणांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या समान येत होती. महत्तम साधारण विभाजक आपण शाळेत शिकतो. त्यासाठी कोणत्याही नव्या सिद्धांताची गरज पडली नाही.

धागालेखकांची सूचना मला यामुळेच धोक्याची वाटते. प्राध्यापकाच्या गटात कोड लिहितो तो बहुधा पीएचडी करणारा विद्यार्थी, आणि तो लिहितो लेखातील वेळेचे तक्ते भरण्यासाठी. लेख स्वीकारला गेला की त्या कोडकडे कोणी परत पाहत नाही. पुढे एखादी कंपनी तोच नमुना उचलते, कारण तो मूळ संशोधकांचा आहे म्हणजे निर्दोष असणार असा तिचा समज होतो. मी स्वतः असा नमुना उत्पादनात चालू असलेला पाहिला आहे, ज्यात गुप्त किल्लीच्या बिटावर अवलंबून असलेली ‘जर-तर’ची फांदी सरळसरळ लिहिलेली होती. पॉल कोचर यांनी वेळ मोजून किल्ली काढण्याचा हल्ला १९९६ मध्येच प्रसिद्ध केला होता, तरीही ती फांदी तेथे होती आणि ती काढून टाकायला आम्हाला बरेच दिवस लागले.

तेव्हा प्राध्यापकांनी अर्धवट कोड लिहिण्यापेक्षा तो लिहू नये हे बरे. त्यांच्याकडून मला हवे आहे ते असे वर्णन, ज्यावरून माझ्यासारखा माणूस चुकायचे म्हटले तरी सहज चुकणार नाही : प्रत्येक मूल्य किती लांबीचे असावे, कोणते मूल्य पुन्हा वापरले तर काय कोसळते, चूक आढळल्यावर बाहेर काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही. अनेक लेखांत ‘एक यादृच्छिक संख्या घ्या’ एवढेच लिहिलेले असते. माझ्या कामातील निम्म्या अडचणी त्या ‘घ्या’ या शब्दात आहेत.

समीकरण

तटबंदी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. यादृच्छिकतेचा पुनर्वापर झाला तरी पद्धत पूर्णपणे कोसळू नये, अशा व्याख्या आणि रचना सिद्धांताच्या बाजूने तयार झालेल्या आहेत, आणि त्या व्यवहारातील अपघात पाहूनच तयार झाल्या, हेही मी मान्य करतो.

साशंक वाचक

या चर्चेत एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरली आहे, ती म्हणजे सिद्धता बरोबर असते आणि फक्त प्रतिमान अपुरे पडते. हे नेहमीच खरे नसते. बेल्लारे आणि रोगावे यांनी १९९४ मध्ये मांडलेली ओएईपी ही, आरएसएने कूटबद्ध करण्यापूर्वी संदेशात यादृच्छिकता मिसळण्याची, पद्धत पुढे मानकांत गेली, तिच्या आधारे मोठी व्यवस्था उभी राहिली, आणि तिच्या सिद्धतेत एक दरी आहे हे शूप यांनी दाखवले ते २००१ च्या सुमारास. इतक्या वर्षांत ती सिद्धता किती जणांनी ओळीओळीने तपासली असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

लंबवर्तुळी वक्रांवरील कूटशास्त्राचे एक जनक नील कॉब्लिट्झ यांनी आल्फ्रेड मेनेझेस यांच्यासह नेमकी हीच टीका लेखमालेच्या रूपाने केली आणि २००७ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये कॉब्लिट्झ यांनी ती अधिक तिखट शब्दांत मांडली. त्यावर ओडेड गोल्डराइख यांच्यासारख्या सिद्धांतवाद्यांनी तितकेच परखड उत्तर दिले. त्या वादातील एक मुद्दा येथे उपयोगाचा आहे. सिद्धता असे सांगते की, पद्धत फोडणारा कोणी असेल तर त्याच्या मदतीने मूळ अवघड प्रश्न सोडवता येईल. परंतु तो किती पट जास्त वेळ लावून सोडवता येईल, हा आकडा अनेकदा इतका मोठा असतो की प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या किल्लीच्या लांबीला ते प्रमेय काहीच आश्वासन देत नाही. मग अभियंता ती लांबी अनुभवाने ठरवतो आणि प्रमेय केवळ शोभेपुरते उरते. ‘सिद्ध सुरक्षा’ हा शब्दप्रयोगच सोडून द्यावा, तो ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचा विश्वास निर्माण करतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

समीकरण

ओएईपीची हकिगत आपण अर्धीच सांगितली. ती दरी शोधणारे शूप स्वतः सिद्धता लिहिणारेच संशोधक आहेत, आणि आरएसएसोबत वापरताना ओएईपी तरीही सुरक्षित ठरते याची नवी सिद्धता फुजिसाकी, ओकामोटो, पॉइंटशेवाल आणि स्टर्न यांनी २००१ मध्येच दिली. सिद्धता लिहिलेली होती म्हणूनच ती कोठे तुटते हे दाखवता आले. जिथे सिद्धताच नसते तिथे चूक सापडते ती हल्ला झाल्यावर. विद्यमान लांब्यांना प्रमेय लागू पडत नाही ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि तो आकडा लेखाच्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिण्याची सक्ती असावी असे माझेही मत आहे.

पीएचडीचे तिसरे वर्ष

मी याच क्षेत्रात संशोधन करते आहे, म्हणून या प्रश्नाची एक बाजू मांडते जी वरील प्रतिसादांत आलेली नाही.

सिद्धांताचे लेख जातात त्या परिषदा आणि हल्ल्यांचे किंवा प्रणालींचे लेख जातात त्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. केवळ सिद्धांताला वाहिलेली टीसीसी २००४ पासून भरते आणि उपकरणांवरील अंमलबजावणीला वाहिलेली सीएचईएस १९९९ पासून. दोन्हीकडे लेखाचे मोजमाप वेगळे असते. पहिल्या ठिकाणी ‘येथे नवी गणिती कल्पना कोणती?’ असे विचारले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘हे खऱ्या यंत्रावर चालते का?’ असे. मी गेल्या वर्षी एका लेखात सिद्धता आणि कोड दोन्ही दिले होते. एका परीक्षकाने सिद्धता प्रचलित तंत्राचीच आहे म्हणून गुण कापले आणि दुसऱ्याने प्रयोग अपुरे आहेत म्हणून. लेख परत आला. धागालेखकांची अट मान्य झाली तर ती सर्वांत आधी माझ्यासारख्यांच्या वेळेवर पडेल, आणि ज्यांना पदवी मिळवायची आहे त्यांच्याकडे वेळच सर्वांत कमी असतो.

तरीही मी या अटीच्या विरोधात नाही. त्याचे कारण एसआयकेई या पद्धतीचे काय झाले ते आहे. क्वांटम संगणकासमोरही टिकतील अशा पद्धतींच्या निवडीत ती बरीच पुढे पोहोचली होती, तिच्या किल्ल्या लहान होत्या, तिचा कोड जपून लिहिलेला होता आणि त्यावर मेहनत घेणारे लोक उत्तम अभियंते होते. २०२२ च्या उन्हाळ्यात कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी तिचे सर्वांत लहान माप संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात फोडले. आधार होता एर्न्स्ट कानी यांच्या १९९७ मधील एका प्रमेयाचा, आणि ते प्रमेय लिहिले गेले तेव्हा त्याचा कूटशास्त्राशी काहीच संबंध नव्हता. तो कोड कितीही वेळा तपासला असता तरी ही फट दिसली नसती. त्यामुळे मला दोन्ही भाषा शिकाव्या लागणार आहेत, हे मी मनाशी मान्य केले आहे. माझी मागणी एवढीच आहे की, त्या शिकण्याला लागणारा वेळ संशोधनाचा वेळ म्हणून मोजला जावा.

धागालेखक

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या मूळ लेखातील अट मी होती तशी पुढे रेटत नाही.

समीकरण यांचे १९८२ चे उदाहरण मला निरुत्तर करते. गोल्डवासर आणि मिकाली यांच्याकडे कोड मागणे म्हणजे त्यांच्या कामाचे स्वरूपच न ओळखणे झाले असते. बहुपक्षीय गणनेच्या बाबतीतही तेच दिसते. आपापली माहिती गुप्त ठेवून एकत्र हिशेब कसा करावा हा प्रश्न याओ यांनी १९८२ मध्ये मांडला, कितीही जणांसाठीची सर्वसाधारण उत्तरे १९८७ आणि १९८८ मध्ये आली, आणि पहिला मोठा व्यावहारिक वापर जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये झाला. तेथे सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी साखरबीटच्या उत्पादन-कंत्राटांसाठी बोली लावली आणि कोणाची बोली काय हे कोणालाही न कळता भाव ठरला. वीस वर्षे थांबायला तयार नसणाऱ्या नियमाने हे काम सुरुवातीलाच मारले असते.

परंतु एक भेद मला करावासा वाटतो आणि तो मी सोडणार नाही. ‘अशी गोष्ट शक्य आहे’ असे सांगणारा लेख आणि ‘ही अमुक पद्धत वापरा, ती सुरक्षित आहे’ असे सांगणारा लेख, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीच्या लेखाला यंत्राशी काही देणेघेणे नसले तरी चालेल. दुसऱ्या जातीचा लेख यंत्राविषयी विधान करत असतो, मग त्याच्या लेखकाने तसे म्हटलेले असो वा नसो. झीकॅश या डिजिटल चलनात वापरलेल्या शून्यज्ञान सिद्धतेच्या (गुपित न उघडता विधान खरे असल्याचे पटवणाऱ्या पद्धतीच्या) मूळ लेखात किल्ल्या तयार करताना काही अनावश्यक मूल्ये उघड होत होती आणि त्यांच्या आधारे खोटी नाणी पाडता आली असती. लेख प्रसिद्ध झाला, वाचला गेला, त्यावर २०१६ पासून खरे चलन चालले, आणि ही चूक २०१८ मध्ये त्याच कंपनीतील एका कूटशास्त्रज्ञाच्या नजरेस आली. तो माणूस सिद्धता वाचू शकत होता आणि खालची व्यवस्थाही जाणत होता. मी ज्या प्रकारच्या संशोधकाविषयी बोलत आहे तो हाच.

म्हणून माझी सुधारलेली मागणी तटबंदी यांच्या शब्दांच्या जवळ जाणारी आहे. दुसऱ्या जातीच्या प्रत्येक लेखात प्रतिमानाने यंत्राकडून काय काय गृहीत धरले आहे ते उघडपणे लिहिलेले असावे : संदेश एकदम येतो की तुकड्यांनी, चुकीची कारणे बाहेरच्याला वेगळी ओळखता येतात की नाही, गणिताला लागणारा वेळ गुपितावर अवलंबून आहे का, यादृच्छिकता कोठून येते. हे लिहायचे तर प्राध्यापकाला एकदा तरी यंत्राजवळ जावे लागेल, आणि कोड स्वतः लिहिला नाही तरी लिहिणाऱ्याशी बसून बोलावे लागेल. एसएसएचच्या बाबतीत पुढे हेच झाले. हल्ला शोधणाऱ्या पॅटरसन आणि वॉटसन यांनीच २०१० मध्ये संदेशाचे तुकड्यातुकड्यांनी येणे सामावून घेणारे नवे प्रतिमान मांडले आणि त्यात त्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या, आकडा वाढवत जाणाऱ्या रूपाची सिद्धता दिली. हल्ला, व्याख्या आणि सिद्धता एकाच जोडीच्या हातून पुरी झाली. टीएलएस १.३ या आवृत्तीच्या वेळी तर ही प्रक्रिया आधीच सुरू झाली. मसुदे खुले असतानाच अनेक विद्यापीठीय गटांनी त्यांचे विश्लेषण केले, काही त्रुटी मसुद्यातच दुरुस्त झाल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मानक प्रसिद्ध झाले.

साशंक वाचक यांना एवढेच सांगतो की, ‘सिद्ध सुरक्षा’ हा शब्द टाकून देण्याऐवजी त्याच्यासोबत ‘कशाविरुद्ध’ हे सांगणे बंधनकारक करावे.

तटबंदी

या रूपात मागणी मला मान्य आहे, फक्त एक हरकत नोंदवतो. आपल्या यादीतील तिसरा मुद्दा, म्हणजे वेळ गुपितावर अवलंबून आहे का, याचे उत्तर लेख लिहिताना देता येतेच असे नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकासमोर टिकणाऱ्या पद्धतींची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी किल्ली ठरवण्याची पद्धत ही मूळची कायबर, आणि तिच्या मुळाशी असलेला लॅटिसमधील (जाळीसारख्या बिंदूरचनेतील) अवघड प्रश्न रेगेव्ह यांच्या २००५ मधील कामातून आलेला आहे. तिची सिद्धता चांगली आहे, तिचे कर्ते यंत्र जाणणारे आहेत, आणि वेळेवरून गुपित कळू नये याची काळजी त्यांनी पहिल्यापासून घेतली होती. तरीही २०२३ च्या अखेरीस असे आढळले की, त्यांच्या नमुना कोडमध्ये आणि त्यावर बेतलेल्या तयार कोडच्या अनेक संग्रहांमध्ये (लायब्ररींमध्ये) एका ठिकाणी गुप्त संख्येला ३३२९ ने भागले जाते. सी भाषेत तो एक साधा भागाकार दिसतो. काही कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारी साधने, त्याचे रूपांतर गुणाकारात करतात आणि मग काहीच बिघडत नाही. काही कंपायलर, विशेषतः कोड आटोपशीर करायला सांगितले असता, प्रोसेसरची भागाकाराची सूचना तशीच ठेवतात, आणि काही प्रोसेसरवर त्या सूचनेला लागणारा वेळ भाज्य संख्येप्रमाणे बदलतो. म्हणजे लेख तोच, कोडची ओळ तीच, आणि गुपित बाहेर पडेल की नाही हे कंपायलरला दिलेल्या एका पर्यायावर ठरते.

या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या कोणत्या परिच्छेदात लिहायचे, हे मला अजून सांगता येत नाही. समीकरण आणि धागालेखक यांना त्यासाठी एखादे प्रतिमान सुचत असेल तर ते येथेच मांडावे. माझ्याकडे अशा भागाकारांची एक लांबलचक यादी तयार आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ मी त्या प्रतिमानावर तपासून पाहायला तयार आहे.